वारा पडला की शीड उतरवा

१३ मे २०२४ ची दुपार मुंबईकर विसरलेले नाहीत. चारच्या सुमारास आभाळ पिवळट-करडं झालं, धुळीची एक भिंत इमारतींमधून चालत आली आणि बघता बघता झाडं आडवी झाली. घाटकोपरला पेट्रोल पंपावर भलंमोठं होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. त्या दिवशी वाऱ्याला रंग होता. धूळ उडाली म्हणून तो येताना दिसला तरी. असाच वारा समुद्रावर येतो तेव्हा उडायला धूळ नसते. लहान शिडाच्या होडीत बसलेल्या माणसाला तो दिसतो तो फक्त पाण्यावर सरकत येणाऱ्या एका काळपट पट्ट्यातून. ते दिसलं नाही, की तो थेट शिडात येऊन बसतो.

असा वारा 'अचानक' येतो असं आपण म्हणतो. गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी मी मुंबई बंदरात शिडाची छोटी होडी चालवतो, आणि माझं मत बनलंय ते असं: किनाऱ्यावरचा वारा सहसा सांगून फिरतो. तो सांगतो ते आपल्याला सूचना वाटत नाही, विश्रांती वाटते. कारण त्याची सांगायची पद्धत म्हणजे आधी पडणं.

हे नीट कळायला शाळेच्या भूगोलातल्या दोन वाऱ्यांपासून सुरुवात करावी लागेल. खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा जमीन लवकर तापते, पाणी सावकाश. जमिनीवरची हवा तापून वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते, तो खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र ऊब धरून असतो, म्हणून वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई. पिढ्यान् पिढ्या कोकणातली शिडं याच वेळापत्रकावर चालली. पहाटे मतलईवर बाहेर पडायचं, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचं.

परीक्षेत एवढं लिहिलं की गुण मिळतात. होडीवाल्याला मात्र या दोन वाऱ्यांच्या मधली वेळ महत्त्वाची. सकाळी आठ-नऊनंतर मतलई सुस्तावतो. मग एक पोकळी येते. शीड लोंबतं, पाणी तेलासारखं गुळगुळीत होतं. अकराच्या आसपास पश्चिमेकडे क्षितिजाजवळ पाणी गडद दिसू लागतं आणि खारा वारा येतो. सुरुवातीला पश्चिमेकडून, मग दिवस कलेल तसा वायव्येकडे सरकत जातो, दोन ते चारच्या दरम्यान सगळ्यात जोरात. म्हणजे कोणत्याही साध्या दिवशी वारा जवळजवळ पूर्ण उलटा फिरतो आणि फिरताना मध्ये थांबतो.

मार्चमध्ये एक बातमी दरवर्षी येते: 'खारे वारे उशिरा स्थिरावल्याने मुंबईत पारा चढला.' शहरात त्याचा अर्थ घामाच्या धारा. पाण्यावर त्याचा अर्थ असा, की पूर्वेचा कोरडा वारा दुपारपर्यंत दटून बसलाय आणि खारा वारा त्याला बाहेरून ढकलतोय. असा अडवलेला वारा हळूहळू येत नाही. येतो तेव्हा एक रेघ ओलांडल्यासारखा येतो. रेघेच्या अलीकडे पूर्व, पलीकडे पश्चिम.

आणि मे महिन्यात, पुन्हा ऑक्टोबरात, या सगळ्यावर तिसराच वारा चालून येतो.

दुपारी सह्याद्रीवर ढग चढतात. तळ काळा, डोकं फुलकोबीसारखं पांढरं. आत पाऊस तयार होतो, पडू लागतो, पडता पडता त्यातला काही वाळतो आणि भोवतालची हवा गार करतो. गार हवा जड. ती ढगाखालून धाडकन जमिनीवर उतरते आणि फरशीवर पाण्याची बादली उपडी केली की पाणी जसं चहूबाजूंना पळतं तशी पसरते. त्या पसरणाऱ्या गार हवेची पुढची कड म्हणजे झंझावाताचं तोंड. पाऊस अजून घाटातच असतो, पण हे तोंड त्याच्या कितीतरी किलोमीटर पुढे आलेलं असतं. म्हणून 'पाऊस आला की बघू' हे पाण्यावर चालत नाही. वारा पावसाच्या आधी येतो.

ढग पूर्वेला, म्हणून हा वारा पूर्वेकडून. समुद्रावर तोवर वायव्येचा खारा वारा सुखाने वाहत असतो. दोघं समोरासमोर आले की आधी खाऱ्या वाऱ्याचा जोर मोडतो. ढगाची सावली जमिनीवर पडून ऊनही कमी झालेलं असतं, त्यामुळे त्याचं मूळच तुटतं. शीड लोंबतं. शांत वाटतं. ही ती शांतता.

मी याच शांततेत फसलो. मेचा तिसरा आठवडा होता. मी आणि माझा एक मित्र, साडेचार मीटरची दोघांची होडी. घारापुरीच्या बाजूला फेरी मारून गेटवेकडे परतत होतो. मागे, उरणच्या डोंगरांपलीकडे ढग होता. आम्ही तो पाहिला होता, त्यावर बोललोही होतो. ढग 'तिकडे' होता आणि आम्ही 'इकडे'. मग वारा पडला. मित्र म्हणाला, "चला, आता पाणी पिऊन घेऊ." मेनशीटचा, म्हणजे मोठं शीड आवळायचा, दोर मी क्लीटच्या, म्हणजे दोर पकडून ठेवणाऱ्या खाचेच्या, दातांत अडकवून ठेवला होता, कारण तासभर तो धरून बोटं दुखत होती. बाटली मित्राच्या हातात होती. मानेला गार झुळूक लागली, मातीचा वास आला. मी मागे वळून पाहिलं तर न्हाव्याच्या बाजूचं पाणी काळं झालेलं, आणि त्या काळ्याच्या पुढच्या कडेला पांढरे ठिपके. मी दोराकडे हात नेला. ताण आलेला दोर क्लीटच्या दातांतून वरच्या बाजूला उचलून सोडवायचा असतो. मी घाबरून तो सरळ ओढला. तो आणखी घट्ट बसला. पुढच्या श्वासाला आम्ही पाण्यात होतो.

लाईफ जॅकेट अंगात होती म्हणून हे लिहितोय. उलटलेल्या होडीला धरून आम्ही अर्धा तास होतो. भाऊच्या धक्क्याहून निघालेल्या एका मासेमारी नौकेने आम्हाला वर घेतलं. तांडेल, म्हणजे नौकेचे प्रमुख, साठीचे असावेत. त्यांनी आधी चहा दिला, मग एकच विचारलं, "वारा पडला तेव्हा काय करत होतात?"

"पाणी पीत होतो, काका."

"तेव्हाच शीड उतरवायचं होतं, पोरा."

त्यांचा प्रश्न मी अजून सोडलेला नाही. ढग दिसत नसताना सकाळचा वारा पडला तर ती मतलईची सुट्टी असते, तिथे घाबरायचं काही नाही. पण दुपारनंतर, जमिनीच्या बाजूला उंच काळा ढग असताना खारा वारा पडला, तर ती विश्रांती समजायची नाही. ती कामाची वेळ.

किती वेळ मिळतो? वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंद म्हणजे ढग दहा किलोमीटरवर. वाऱ्याचं तोंड ताशी ४० किलोमीटरने येत असेल, तर तेवढं अंतर कापायला त्याला पंधरा मिनिटं लागतात, आणि ते ढगाच्या पुढे असल्यामुळे तुमच्या हाती त्याहून कमी. पाण्यावर काळा पट्टा दिसल्यावर तर मिनिटभर, फार तर दोन. म्हणून पट्टा दिसायची वाट पाहायची नाही.

वाऱ्याच्या रेट्याचं गणित लक्षात घेतलं की ही घाई का करायची ते पटतं. वारा दुप्पट झाला की शिडावरचा रेटा चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. आठ नॉट म्हणजे ताशी सुमारे १५ किलोमीटरचा सुखद वारा. दहा चौरस मीटर शिडावर त्याचा रेटा ढोबळमानाने दहा किलोचा. तोच वारा चोवीस नॉट झाला की नव्वद किलो. म्हणजे आता डोलकाठीच्या मध्यावर एक धट्टाकट्टा माणूस लटकलाय आणि होडी आडवी करायला बघतोय. हवामानशास्त्रातही झंझावाताची व्याख्या अशीच झटक्यावर बेतलेली आहे: वेग एकाएकी किमान १६ नॉटने वाढून २२ नॉटच्या वर जायला हवा आणि निदान मिनिटभर टिकायला हवा. मिनिटभर हा शब्द वाचताना छोटा वाटतो. कलंडलेल्या होडीत तो फार मोठा असतो.

या मिनिटांतली कामं ठरलेली असावीत, म्हणजे डोक्याला विचार करावा लागत नाही. पहिलं, लाईफ जॅकेट घातलेलं नसेल तर आत्ता. होडी उलटल्यावर पाण्यात जॅकेट घालणं जवळपास अशक्य असतं. दुसरं, शीड कमी करणं. मोठ्या होडीत शिडाचा खालचा भाग गुंडाळून बांधतात, त्याला रीफ घेणं म्हणतात. छोट्या होडीत तशी सोय नसते, तिथे मोठं शीड सरळ उतरवावं आणि पुढचं छोटं ठेवावं, किंवा दोन्ही उतरवून नांगर टाकावा. खोली कमी असेल तर नांगर हा उत्तम मित्र आहे, फक्त दोर खोलीच्या पाच-सात पट तरी लांब सोडायला हवा, नाहीतर तो तळाला चावतच नाही, नुसता घासत जातो. तिसरं, शिडाचा दोर हातात. क्लीटमध्ये नाही, सुकाणूच्या दांड्याला गुंडाळलेला नाही, पायाखाली दाबलेला नाही. हातात. वारा लागला की तो सोडायचा, शीड फडफडू द्यायचं. फडफडणारं शीड कान बधिर करतं, पण ते होडी उलटवत नाही. दोर सोडता सोडता होडीचं नाक वाऱ्याकडे वळवायचं, म्हणजे वारा शिडाच्या दोन्ही बाजूंनी सरळ निघून जातो.

वाऱ्याला पाठ देऊन पळत असाल तर मात्र हे एवढं सोपं नाही. या ठिकाणी नवशिके सगळ्यात जास्त फसतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. वारा बारा नॉटचा आहे आणि होडी त्याच दिशेला पाच नॉटने चाललीय. तुमच्या अंगाला लागतो तो फक्त सात नॉटचा वारा. ऊन मऊ, लाटाही मागून, सगळं निवांत. शीड कमी करावं असं मनातही येत नाही. पण त्याच वाऱ्यात नाक फिरवून परतायचं ठरवलंत, तर तुमचा वेग आता वाऱ्यात मिळवला जातो आणि अंगावर येतो पंधराच्या आसपास. रेटा चौपटीहून जास्त. वारा बदललेला नाही, तुमची दिशा बदललीय. म्हणून पाठवाऱ्यावर असताना स्वतःला अधूनमधून विचारायचं, आत्ता मागे वळलो तर ही शिडं पेलतील का?

शिवाय पाठवाऱ्यावर असताना वारा फिरला तर तो शिडाच्या मागच्या बाजूने घुसतो आणि शिडाखालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फटकारा मारत जातो. मध्ये डोकं आलं तर डोकं फुटतं. ढग दिसत असताना सरळ पाठवाऱ्यावर राहूच नये, थोडं तिरकं चालवावं आणि सगळ्यांनी खाली वाकून बसावं.

कुठे असावं, हा प्रश्न शिडाइतकाच मोठा आहे. वादळ दिसलं की किनाऱ्याकडे धावायचं, असं मन सांगतं. पण वारा ज्या किनाऱ्याकडे ढकलतोय तो किनारा आसरा नसतो, सापळा असतो. पूर्वेचा झंझावात आला तर उघड्या कोकण किनाऱ्यावर तुम्ही जमिनीपासून दूर, खोल पाण्यात लोटले जाता. लाटा सुरुवातीला छोट्या असतात, पण दर मिनिटाला घर लांब जातं. मुंबई बंदराची गोष्ट वेगळी. तिथे शहर पश्चिमेला आहे, त्यामुळे तोच पूर्ववारा तुम्हाला कुलाब्याच्या दगडी भिंतींवर आणि नांगरलेल्या बोटींच्या गर्दीवर नेऊन आदळतो. तिथे किनाऱ्यापासून लांब, मोकळ्या पाण्यात, शीड उतरवून थांबणं जास्त सुरक्षित. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा, तेव्हा डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत अख्खा किनारा हाच वाऱ्याखालचा किनारा होतो. त्या दिवसांत चक्रीवादळाची गरज नसते. ५ ऑगस्ट २०२० ला मुंबईच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ नव्हतं, तरी कुलाब्याला ताशी १०७ किलोमीटरचा वारा नोंदला गेला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती माशांच्या विणीसाठी आणि याही कारणासाठी. हौशी होडीवाल्यांनीही त्या काळात शिडं घरात वाळवावीत.

भूशिरं आणि किल्ल्यांचे तट यांचंही वाऱ्याशी आपलं एक नातं असतं. डोंगराआड किंवा तटाआड वारा दबतो, गोल फिरतो, शीड कधी या बाजूला कधी त्या बाजूला भरतं. टोक ओलांडून बाहेर पडलात की कोपऱ्यावरून वळून दाटून आलेला वारा एकदम लागतो. टोक येण्याआधी दोर सैल हवा. खाडीच्या तोंडाशी याच्या जोडीला पाणी असतं. ओहोटीचं पाणी बाहेर पळतंय आणि पश्चिमेचा वारा आत येतोय, अशा वेळी लाटा उभ्या, जवळजवळ आणि फुटक्या होतात, त्यातही वाळूच्या उथळ पट्ट्यावर सगळ्यात वाईट. हाच वारा भरतीला असता तर फारसं काही वाटलं नसतं. म्हणून निघण्याआधी भरतीची वेळ बघायची. जुना हिशोब अजून उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या आसपास भरती, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत पाणी जवळपास पाच मीटर चढतं-उतरतं, त्यामुळे प्रवाहालाही तेवढीच ओढ असते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, ती कमी. हा हिशोब अंदाजापुरता, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातून घ्यावी.

हवामान खात्याचा किनारपट्टीचा अंदाज आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांचा अंदाज मी निघण्याच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी बघतो. बंदरावरचा बावटा अजून बोलतो; तीन नंबरचा बावटा म्हणजे या बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका आहे, छोट्या होडीने बाहेर पडायचं नाही. चक्रीवादळाचे अंदाज आता दिवस दिवस आधी मिळतात. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं तेव्हा कोकणातल्या कितीतरी होड्या समुद्रात होत्या. त्या वेळच्या मानाने आज निरोप पोहोचवण्याच्या सोयी पुष्कळ सुधारल्यात. पण घाटावरचा एकटा ढग कुठल्या खाडीवर किती वाजता फुटेल, हे सकाळी कुणीही सांगू शकत नाही. त्यासाठी रडारचं ताजं चित्र, पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं विजांची माहिती देणारं 'दामिनी' ॲप, आणि सगळ्यात आधी मान वळवून पूर्वेकडे बघणं. आम्ही आता दर दहा मिनिटांनी एकाला ते काम देतो. होडी पश्चिमेकडे चालली असली की मागे बघायचं कुणाच्या ध्यानातच राहत नाही.

होडी उलटलीच, तर तिला सोडून किनाऱ्याकडे पोहायचं नाही. पाण्यावरून किनारा असतो त्याहून जवळ दिसतो, आणि ओहोटी तुम्हाला बाजूला नेते. उलटलेली होडी लांबून दिसते, पाण्यातलं डोकं दिसत नाही. आधी मोठ्याने एकमेकांना हाक मारायची, कुणी शिडाखाली अडकलं नाही ना ते बघायचं. मग होडीला धरून राहायचं. वॉकीटॉकीसारखा व्हीएचएफ सेट असेल तर चॅनेल १६, फोन कोरडा राहिला असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. फोन कोरडा राहावा म्हणून तो तोंड बंद होणाऱ्या पिशवीत घालून जॅकेटला बांधायचा, होडीला नाही.

आणखी एक गोष्ट, जी आम्हालाही त्या दिवशी नौकेवर बसल्यावर दिसली. झंझावात अर्ध्या-पाऊण तासात निघून गेला. पाऊस थांबला, हवा गार झाली, आणि वारा पुन्हा पडला. पण आता खारा वारा परत येणार नव्हता. ऊन गेलेलं, जमीन भिजून निवलेली. इंजिन नसलेली एखादी होडी त्या वेळी उलटण्यापासून वाचली असती, तरी संध्याकाळी साडेसहाला बंदराच्या मधोमध, फेरीबोटींच्या आणि जहाजांच्या वाटेवर, वाऱ्याशिवाय अडकली असती. म्हणून आता आमच्या होडीत दोन वल्ही असतात, बॅटरी असते, शिट्टी असते, प्यायचं पाणी दुप्पट असतं. निघताना मी बायकोला परतायची वेळ सांगतो आणि त्या वेळेनंतर एक तासाने तिने कुणाला फोन करायचा तो नंबर फ्रिजवर चिकटवलेला आहे. धक्क्याला लागलो की आधी तिला फोन, मग शिडांच्या घड्या.